केडगावची मराठी : पंडिता रमाबाईंच्या उत्तरायुष्याचा एक विचार

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांचे चरित्र मराठी वाचकाला सामान्यतः दोन प्रसंगांच्या आधारे परिचित असते. पहिला प्रसंग १८८२ साली पुण्यात झालेल्या त्यांच्या आगमनाचा. दुसरा १८९३ साली शारदा सदनावरून उठलेल्या वादळाचा. या दुसऱ्या प्रसंगानंतर त्या जवळजवळ एकोणतीस वर्षे जगल्या, आणि त्यांतील बहुतेक काळ त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव या गावी काढला. समाजसुधारणेचे इतिहासकार हा काळ अनाथ व दुष्काळग्रस्त स्त्रियांच्या सेवेचा म्हणून गौरवितात आणि पुढे सरकतात. वाङ्मयेतिहासकार तर बहुधा तेवढेही करीत नाहीत. रमाबाईंच्या लेखनाचा विचार ते ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेच्या प्रवासवृत्तापाशी संपवितात. केडगावचा काळ म्हणजे पुण्याच्या विचारविश्वातून पत्करलेली निवृत्ती, असे एक गृहीत या मौनामागे असावे.

हे गृहीत तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. रमाबाईंचे सारे आयुष्य एका अर्थाने भाषेचे आयुष्य होते. संस्कृत ही त्यांची पहिली पुंजी. तिच्याच बळावर त्यांना मान मिळाला, पदव्या मिळाल्या आणि परदेशात उपजीविकाही मिळाली. परंतु शेवटच्या पर्वात त्यांनी ही पुंजी जाणीवपूर्वक बाजूस ठेवली आणि अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांसाठी मराठी घडविण्याचे काम हाती घेतले. हे स्थित्यंतर केडगाव वगळून समजत नाही.

प्रथम स्थळाविषयी. पुण्याहून पूर्वेस दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पुण्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर अंतरावर केडगाव हे स्थानक लागते. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांचा हा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आज कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा असलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा अवर्षणाचा मुलूख म्हणून ओळखला जाई. याच टापूत, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची मोठी वसाहत उजेडात आली. म. के. ढवळीकर यांच्या मते हवामान कोरडे होत गेल्याने या वसाहतीला उतरती कळा लागली आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास ती ओस पडली. दुष्काळ हे या भूमीचे तीन हजार वर्षांचे जुने वास्तव आहे, आणि रमाबाईंच्या आयुष्याची दिशाही दोन वेळा दुष्काळानेच ठरविली. म्हणून या योगायोगाची नोंद घ्यावीशी वाटते.

ख्रिस्ती धर्मही या परिसराला अपरिचित नव्हता. शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, आणि अहमदनगर हे तर त्या मिशनचे मोठे केंद्रच. खुद्द पुण्यात नाना पेठेतील कॅथलिक चर्चसाठी १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली होती. पेशव्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती लष्करी लोकांची ती गरज होती. लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे समर्पण १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते झाले. ते ब्रिटिश पलटणींसाठी होते. पंचहौद येथील चर्च १८८५ साली उभे राहिले. त्यामागे इंग्लंडमधील धर्मसंघांचे मिशनकार्य होते. पेशव्यांचे शिपाई, कंपनीच्या पलटणी आणि मिशन अशा तीन निरनिराळ्या गरजांतून ही तीन मंदिरे निर्माण झाली. केडगावचे चर्च यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्याचा त्यांचा निर्धार ज्ञातिबांधवांना रुचला नाही, आणि अरण्यवासामागे हा विरोध हे एक कारण होते. पुढे ऋण वाढले, घर सुटले आणि हे कुटुंब तीर्थाटन करीत पुराणे सांगू लागले. रमाबाईंचे शिक्षण आईकडे झाले. पहाटे उठून आईने शिकवावे, मुलीने मुखोद्गत करावे, असा क्रम होता. भागवताचे हजारो श्लोक त्यांना बालवयातच पाठ होते. कन्नड, तेलुगू आणि तमिळ मुलखांतून हिंडताना घरातील बोली मात्र मराठीच राहिली. मराठी प्रदेशाबाहेर, मराठी समाजाच्या संपर्काशिवाय त्यांची मराठी घडली, हा मुद्दा येथे लक्षात ठेवावा लागतो. ती ग्रंथांतून आणि आईवडिलांच्या मुखातून आलेली मराठी होती. शेत, बाजार आणि जाते यांवरची मराठी त्यांच्या वाट्याला त्या वयात आली नाही.

१८७४ नंतर मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळाने हे कुटुंब उद्ध्वस्त केले. वडील गेले, त्यांच्यामागून आई, मग थोरली बहीण कृष्णा. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. अनवाणी, उपाशी, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भटकत हे दोघे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका रात्रीत नाव झाले असे म्हणण्यास हरकत नाही; पण देवधर्माची सर्व कर्मे करूनही आईवडील अन्नावाचून मेले, ही खूणगाठ त्या आधीच बांधून आल्या होत्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाध्ययनाकडे वळविले, आणि शास्त्रांत स्त्रियांविषयी काय म्हटले आहे याचा त्या नव्याने विचार करू लागल्या.

१८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा मृत्यू झाला. दोन वर्षेही पुरी न झालेला संसार संपवून त्या तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत केले ते संस्कृत पंडिता म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांचे वर्तुळ, आर्य महिला समाजाची स्थापना, रमाबाई रानडे यांच्याशी जडलेला स्नेह, या गोष्टी सुविदित आहेत. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्त्रियांना उपदेश करणाऱ्या या ग्रंथाची भाषा इतकी संस्कृतप्रचुर आहे की ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्यापैकी फारच थोड्या जणींना तो वाचता आला असेल. स्त्रियांच्या दुःस्थितीचा दोष बऱ्याच अंशी स्त्रियांच्या अज्ञानावर टाकण्याकडे त्यात कल आहे, तोही आज खटकतो.

याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तके स्त्रियांनी लिहिलेली, विषय जवळचा, साल तेच. परंतु ताराबाईंची मराठी वऱ्हाडच्या वाड्यातली, बोलती, प्रसंगी शिवराळ; रमाबाईंची मराठी व्यासपीठावरून येणारी. आपले अभ्यासक या दोन पुस्तकांची तुलना विचारांच्या अंगाने करतात. भाषेच्या अंगाने केली तर रमाबाईंना पुढे किती लांबचा पल्ला गाठायचा होता हे कळून येते.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे हा हेतू होता. श्रवणशक्ती क्षीण असल्याने तो सोडावा लागला. पुण्यातील पंचहौद येथे काम करणाऱ्या सेंट मेरी संघाच्या भगिनींशी त्यांचा आधीच परिचय झाला होता, त्याच संघाच्या वाँटेज येथील मठात त्या राहिल्या. सहप्रवासी आनंदीबाई भगत यांचा तेथेच शोचनीय अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने महाराष्ट्रात खळबळ उडाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’ मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, आणि शास्त्रे वाचू शकणाऱ्या स्त्रीने धर्म सोडला यातील अर्थ नेमका ओळखला.

धर्मांतरानंतर रमाबाई चर्चच्या आज्ञेत राहिल्या असा समज असेल तर त्यांचा पत्रव्यवहार तो पुसून टाकतो. सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेली आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली, आणि रमाबाईंच्या अभ्यासाला तेव्हापासून नवे वळण मिळाले. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी, त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी त्या आपल्या धर्ममातेशी आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी अखंड वाद घालीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंना तो अपमान वाटला. मुलीला अंडी घातलेले पदार्थ देऊ नयेत यावरूनही खटके उडाले. त्या शाकाहारीच राहिल्या.

या वादांतला एक लहानसा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी त्यास हरकत घेतली आणि अक्षरे असावयाचीच तर ती संस्कृतात असावीत असा आग्रह धरला. लॅटिन त्यांच्या देशातील कोणालाही कळत नाही, आणि संस्कृतापेक्षा ती पवित्र कशी, हा त्यांचा मुद्दा होता. चरित्रकार या प्रसंगात राष्ट्राभिमान पाहतात. ते खरे आहे. परंतु धर्माची अक्षरे ज्यांच्यासाठी आहेत त्यांना वाचता आली पाहिजेत, हा विचारही त्यात आहे. हाच विचार पुढे शेवटाला नेला की संस्कृतचाही बळी जातो. कारण केडगावच्या स्त्रियांना संस्कृत लॅटिनइतकेच परके होते. १८८४ च्या सुमाराच्या रमाबाईंना हे दिसत नव्हते. दिसण्याचे कारणही नव्हते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदतीचे आश्वासन मिळाले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘स्त्रीधर्मनीति’ नंतर सातच वर्षांनी लिहिलेल्या या ग्रंथातील गद्य वेगळे आहे. माहिती देण्याची घाई, तुलना करण्याची सवय आणि मधूनच डोकावणारा उपहास यांमुळे वाक्य हलके झाले आहे. व्यासपीठावरील पंडिता येथे बातमीदार झाली आहे.

१८९० साली सदन पुण्यास आले. ते वर्ष पंचहौदातील चहाच्या प्रकरणाचे. मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य आले, आणि चहाच्या पेल्यावरून एवढा गहजब करणाऱ्या शहरात एक ख्रिस्ती स्त्री ब्राह्मण विधवांचे वसतिगृह चालवीत होती. ते तीन वर्षे टिकले हेच आश्चर्य. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही या अटीचा हा भंग आहे की नाही, यावर वाद झाला. ‘केसरी’ ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. आमच्या मते दोन्ही बाजूंत काही तथ्य होते. आपण सक्ती करीत नाही हे रमाबाईंचे म्हणणे खरे होते. पण आश्रयदातीचे उघडे दार आश्रितांना आज्ञेसारखे वाटू शकते, हे त्यांनी ध्यानी घेतले नाही. उलट, सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई नातू यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाला होता. सदनातून केवळ ख्रिस्ती स्त्रियाच बाहेर पडत होत्या असे नव्हे, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरले.

परदेशी मदतीची मुदत संपेल तेव्हा सदनाने आपल्या पायावर उभे राहावे, म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबागा लावाव्यात, त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा व्यवहारी हिशेब होता. तेथे आश्रम काढण्याचा बेत मुळात नव्हता. तो दुष्काळाने घडविला.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्याच्या बातम्यांनी रमाबाईंची स्वतःची वीस वर्षांपूर्वीची भटकंती जागी केली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. त्या दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. प्लेगच्या निर्बंधांमुळे शहरात इतक्या नव्या मुली ठेवणे अशक्य झाले आणि त्यांना केडगावच्या शेतावर, झाडांखाली आणि झोपड्यांत न्यावे लागले. याच काळात प्लेगच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले, आणि ते सरकारला झोंबले. सुधारकांना दुरावलेल्या रमाबाई सरकारच्याही मर्जीतल्या नव्हत्या. चर्चच्या तर कधीच नव्हत्या.

१८९८ साली मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळात आणखी मोठ्या संख्येने मुली आल्या आणि आश्रमातील लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणणे, शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना ही सर्व कामे स्त्रिया करीत. परित्यक्त व पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. अंध मुलींसाठी ब्रेलच्या शिक्षणाची सोय मनोरमाबाईंनी केली. चर्चच्या इमारतीची पायाभरणी १८९९ साली झाली. येथे धर्मगुरूंचा पंथ, पलटण वा परदेशी धर्मसंघ आधी आणि लोक नंतर असा क्रम नव्हता. लोक आधी आले. तेही धर्मासाठी नव्हे, अन्नासाठी. चर्च त्यांच्यामागून उभे राहिले, आणि रमाबाईंनी ते कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन केले नाही.

या इतिहासाला एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. भुकेने आलेल्या माणसाचे धर्मांतर हे कितपत स्वेच्छेचे, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि आजही विचारला जातो. वाँटेजच्या मठात प्रत्येक सिद्धान्तावर हुज्जत घालणाऱ्या रमाबाईंनी आपल्या आश्रमातील मुलींना हुज्जतीची तेवढी मुभा दिली होती काय? उपलब्ध साहित्य बहुतांश आश्रमाच्या मित्रांनी लिहिलेले असल्याने याचे निर्णायक उत्तर देता येत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की ज्यांना दुसरे कोणी घेण्यास तयार नव्हते त्यांना रमाबाईंनी घेतले, शिकविले, आणि कामाला लावले.

१९०५ साली केडगावला धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. वेल्समधील तशाच चळवळीच्या वार्ता तिच्यामागे होत्या. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, कित्येक भान हरपत. आश्रमातील अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातील एका खेड्याचा जगाच्या धर्मेतिहासाशी असा संबंध जुळला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. बुद्धिवादी वाचकाला हा भाग अस्वस्थ करतो. पुण्याच्या सभांतून शास्त्रार्थ करणाऱ्या विदुषीचा हा अधःपात, असेही काहींना वाटले. परंतु भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट पाहावी. ज्या स्त्रियांना जन्मभर कोणी बोलू दिले नव्हते त्या शेकडोंच्या संख्येने, मोठ्या आवाजात, आपापल्या बोलीत बोलत होत्या, आणि रमाबाई ऐकत होत्या. जेवढे त्यांना ऐकू येत होते तेवढे.

बायबलच्या मराठी भाषांतराचे काम याच सुमारास सुरू झाले, हा केवळ योगायोग नसावा असे आमचे अनुमान आहे. मराठीत बायबल पूर्वीच होते. सेरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच भाषांतराला सुरुवात केली होती. मुंबईच्या अमेरिकन मिशनने आणि नंतर बायबल सोसायटीने ते काम पुढे नेले. बाबा पदमनजींसारख्या लेखकाचाही त्यास हात लागला होता. रमाबाईंचा आक्षेप या भाषांतरांच्या संस्कृतप्रचुरतेवर होता. तो दुहेरी होता. एक तर खेड्यातील स्त्रीला ती भाषा कळत नाही. दुसरे असे की, संस्कृत धार्मिक शब्द आपल्याबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थ घेऊन येतात आणि मूळ ग्रंथाचा अर्थ झाकोळतो. हा दुसरा आक्षेप घेण्यास दर्शने ठाऊक असावी लागतात. संस्कृत टाळण्याचा निर्णय तिच्या अज्ञानातून आला नव्हता. ती पुरेपूर जाणणाऱ्या व्यक्तीने तो घेतला होता.

त्यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. मूळ शब्द, त्याचे धात्वर्थ आणि आधीची भाषांतरे समोर ठेवून त्या एकेक वचन लावीत. लहानपणी आईकडे केलेल्या पाठांतराची आणि व्याकरणाच्या शिस्तीची येथे परतफेड झाली. आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या स्त्रियाच होत्या. त्यांपैकी अनेकजणी केडगावला येईपर्यंत निरक्षर होत्या. कोणी मध्य प्रांतातून हिंदी बोलत आल्या, कोणी गुजराती बोलत. म्हणजे या भाषांतराच्या पहिल्या वाचकांपैकी पुष्कळ जणींची मराठी ही मातृभाषाही नव्हती. साधेपणाची जी सक्ती रमाबाईंनी स्वतःवर घातली तिचे कारण येथेही शोधावे लागेल.

भाषांतर वाङ्मय म्हणून कितपत यशस्वी झाले, याचे उत्तर आम्ही भीडभाड न ठेवता देऊ. ते पूर्ण यशस्वी झाले नाही. शब्द सोपे झाले, पण मूळ ग्रंथाशी शब्दशः इमान राखण्याच्या आग्रहाने वाक्यरचना ठिकठिकाणी अवघडली. शब्द खेड्यातला आणि अन्वय हिब्रूतला, असे काहीसे त्याचे रूप आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये जी बोलती मराठी सहज अवतरली ती येथे नाही. लक्ष्मीबाई त्या बोलीतच वाढल्या होत्या, रमाबाईंना ती कष्टाने मिळवावी लागली. मराठी चर्चांतून बायबल सोसायटीची आवृत्तीच वाचली जात राहिली. तथापि, ख्रिस्तपुराणकर्त्या फादर स्टीफन्सपासून रेव्हरंड टिळकांपर्यंत ख्रिस्ती मराठीची जी परंपरा आपण शिकवितो, तिचा कल संतकाव्याच्या भाषेशी नाते जोडण्याकडे होता. रमाबाईंनी तिच्या उलट वाट धरली. त्या वाटेचा विचार अभ्यासक्रमांत क्वचितच होतो.

एक विसंगतीही नोंदवून ठेवावी. दर्शनांचा वास असलेले शब्द टाळू पाहणाऱ्या रमाबाईंनी आपल्या संस्थांची नावे मात्र शारदा, मुक्ती आणि कृपा अशी ठेवली. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ हा शब्द रूढ असताना ‘मुक्ती’ हा शब्द त्यांनी निवडला. नाव ठेवताना त्या पंडिता राहिल्या, भाषांतर करताना नाही. की मुक्ती हा शब्द त्यांना इतका आपला वाटत होता की तो परक्या दर्शनाचा आहे हे जाणवूच नये?

अखेरची वर्षे कष्टाची गेली. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. शारदा सदनाची प्राचार्या, आश्रमाची भावी चालिका आणि जन्मभराची सोबतीण एकाच वेळी गेली. रमाबाईंची प्रकृती खचली होती, परंतु भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. नवा करार पूर्वीच छापून झाला होता. जुन्या कराराची शेवटची मुद्रिते त्यांनी मृत्यूच्या जरा आधी हातावेगळी केली, असे आश्रमात सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा अंत झाला आणि तेथेच त्यांना मूठमाती देण्यात आली.

देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली ‘महाराष्ट्राची तेजस्विनी’ म्हणून त्यांचे चरित्र लिहिले. ते लिहिणारा लेखक ख्रिस्ती साहित्यिकांच्या घराण्यातला होता, हेही सूचक आहे. १९८९ साली टपाल खात्याने तिकीट काढले. उमा चक्रवर्ती यांचा चरित्रग्रंथ १९९८ साली आणि मीरा कोसंबी यांनी संपादित व अनुवादित केलेले रमाबाईंचे निवडक लेखन २००० साली प्रसिद्ध झाले. दोन्ही इंग्रजीत आहेत. केडगावच्या छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांनी रमाबाईंच्या मृत्यूनंतरही काम चालू ठेवले, आणि १९२४ साली संपूर्ण बायबल त्यांच्या हातून छापून बाहेर पडले.